पेढी इथे, मुक्काम तिथे : परदेशी निघताना करसल्लागार कसा शोधावा

गेल्या वर्षीच्या जून महिन्यात खामगावातील एक व्यापारी गृहस्थ सायंकाळी माझ्याकडे आले. धान्य-सरकीची आडत, भावाबरोबरची भागीदारीची डाळ मिल, वडिलांच्या काळापासूनचे अविभक्त कुटुंबाचे खाते, थोडी शेती असा त्यांचा पसारा. थोरल्या मुलाला अमेरिकेत न्यू जर्सीला नोकरी लागली होती. सुनेचेही शिक्षण तिकडेच पुढे व्हायचे होते. मुलाच्या नावावर इथे एक स्वतंत्र दुकान, भागीदारीत हिस्सा आणि पेढीत व्याजी ठेव होती. तिकिटे काढायची तयारी चालली होती. गृहस्थ म्हणाले, "आपले सीए तीस वर्षांपासून आहेत. घरच्यासारखे आहेत. तेच बघतील सारे. मी फक्त बँकेचे तेवढे विचारायला आलो."

मी त्यांना चहा घेऊ दिला आणि मग एक जुनी हकीकत सांगितली. ती सांगताना मला आजही संकोच वाटतो, कारण तिच्यातील चुकीचा सल्ला माझा होता.

२००६ साली मी जिल्ह्यातील एका शाखेत अधिकारी होतो. एका ओळखीच्या व्यापाऱ्याचा धाकटा मुलगा नोकरीसाठी अमेरिकेला निघाला. वडिलांनी काउंटरवर उभ्या उभ्या विचारले, "साहेब, याच्या बचत खात्याचे काही करावे लागेल का? आणि पेढीच्या चालू खात्यावर याचीही सही आहे, ती काढावी का?" माझे उत्तर मला शब्दशः आठवते. मी म्हणालो, "राहू द्या हो, काय बिघडते? मुलगा परत येईलच दोन वर्षांत." खरे तर अनिवासी झालेल्या माणसाचे साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते अनिवासी साधारण खात्यात म्हणजे एनआरओमध्ये बदलून घ्यावे लागते, हा नियम मला ठाऊक होता. परंतु मार्चअखेरीची गर्दी होती, गृहस्थ ओळखीचे होते, आणि आपुलकीने दिलेला सैल सल्ला घेणाऱ्यालाही गोड लागतो.

मुलगा परतला नाही. त्याला ग्रीन कार्ड मिळाले. इकडे पेढीत त्याच्या ठेवीवर दरसाल व्याज जमा होत राहिले आणि कोणीही त्यावर टीडीएस कापला नाही, कारण वह्यांत तो पूर्वीसारखाच घरातला एक खातेदार होता. मग जुलै २०१५ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात खात्यांची माहिती परस्परांना देण्याचा करार झाला. त्यालाच आपण बँकेत फॅटका म्हणतो. बँकांनी ग्राहकांकडून कोणत्या देशाचे करदाते आहात याची लेखी घोषणा मागायला सुरुवात केली. तो कोरा फॉर्म त्या घरी पोहोचला आणि दहा वर्षांची गाठ सुटू लागली.

अमेरिकेचा नियम असा की, तिथला रहिवासी किंवा ग्रीन कार्डधारक याच्या परदेशातील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर त्या सर्व खात्यांची माहिती तिथल्या सरकारला दरवर्षी कळवावी लागते. या अहवालाला एफबार म्हणतात. यात मेख अशी की, केवळ स्वतःच्या मालकीचीच नव्हे, तर ज्या खात्यावर आपल्याला सहीचा अधिकार आहे तेही खाते यात येते. म्हणजे पेढीचे चालू खाते, ज्यातून कापसाच्या आणि सोयाबीनच्या हंगामात दररोज लाखो रुपये इकडचे तिकडे होतात, ते त्या मुलाने इतकी वर्षे कळवायला हवे होते. त्यातला एक रुपयाही त्याने घेतलेला नव्हता, हे खरे असूनही.

तिकडचे प्रकरण, चूक हेतुपुरस्सर नव्हती असे सांगून विवरणपत्रे दुरुस्त करण्याची जी सवलतीची योजना आहे तिच्यातून मिटले. दंड भरला गेला आणि तिकडच्या सल्लागाराचे शुल्क दंडाच्या जोडीला आले. इकडे पेढीच्या तपासणीत व्याजाचा खर्च अमान्य झाला. हे गणित वाचकांनी नीट समजून घ्यावे. अनिवासी व्यक्तीला व्याज देताना पहिल्या रुपयापासून टीडीएस कापावा लागतो. निवासी माणसाच्या व्याजाला असते तशी किमान मर्यादा इथे नाही. आणि कापला नाही तर निवासी माणसाच्या बाबतीत खर्चाचा ३० टक्के भाग अमान्य होतो, अनिवासीच्या बाबतीत पूर्ण खर्चच. समजा व्याज तीन लाखांचे असेल तर तेवढी रक्कम पेढीच्या नफ्यात परत मिळवली जाते, त्यावर ३० टक्क्यांनी ९० हजार आणि उपकरासह ९३,६०० रुपये कर बसतो. शिवाय न कापलेल्या टीडीएसची जबाबदारी आणि त्यावरील व्याज वेगळे. असे एका वर्षाचे.

पैसे गेले ते गेले. पेढी चालवणारा थोरला भाऊ म्हणू लागला, हा कर धाकट्याच्या खाती नावे टाका, त्याच्यामुळे लागला. धाकटा तिकडून म्हणे, मी व्याज मागितले कधी, मी ते पाहिलेही नाही. वडील दोघांच्या मध्ये. अखेर वडिलांच्या हयातीतच वाटणी झाली. पंगतीत शेजारी बसणारे दोन भाऊ त्यानंतर कितीतरी दिवस एकमेकांना फोन करीत नव्हते. मी त्या वर्षी त्यांच्या घरी क्षमापनेला गेलो तेव्हा ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना माझ्या मनात नेमके काय होते, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. ते पुढे दोन वर्षांनी झाले.

एकाच माणसाची दोन मोजमापे

खामगावच्या गृहस्थांना मी सर्वप्रथम सांगितले ते हे की, ‘अनिवासी’ हा शब्द दोन कायद्यांत दोन वेगळ्या अर्थांनी येतो आणि बहुतेक घोटाळे या एका गोष्टीतून जन्मतात. परकीय चलनाचा फेमा कायदा हेतू पाहतो. नोकरीसाठी, धंद्यासाठी किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने माणूस देश सोडतो, त्याच दिवसापासून तो फेमाच्या दृष्टीने अनिवासी होतो. प्राप्तिकर कायदा मात्र दिवस मोजतो. त्यामुळे ऑक्टोबरात गेलेला मुलगा बँकेसाठी अनिवासी आणि त्याच वर्षी आयकर खात्यासाठी निवासी असू शकतो. शिकायला जाणाऱ्या मुलांनाही रिझर्व्ह बँक २००३ पासून अनिवासी मानते. हे आपल्या अनेक घरांना माहीत नसते, कारण मुलगा शिकायला गेला म्हणजे तो आपल्यासाठी घरातलाच असतो.

दिवसांचा हिशेब थोडक्यात असा. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिला तर निवासी, त्याहून कमी राहिला तर अनिवासी. स्वतःचा धंदा करण्यासाठी जाणेही या ‘नोकरी’च्या व्याख्येत येते, असा केरळ उच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय आहे, आणि व्यापारी कुटुंबांना तो उपयोगी पडतो. पुढील वर्षांत भेटीला येणाऱ्यांसाठीही साधारण मर्यादा १८२ दिवसांचीच. परंतु २०२०-२१ पासून एक निराळी तरतूद आली. ज्याचे परदेशी उत्पन्न वगळता एकूण उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे, त्याने वर्षात १२० दिवस किंवा अधिक भारतात काढले आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले असतील, तर तो निवासी धरला जातो. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच की अशा माणसाला ‘निवासी, परंतु सामान्यतः निवासी नाही’ हा मधला दर्जा मिळतो.

आता हे १२० दिवस आपल्या घराच्या पंचांगावर मांडून पाहा. पर्युषणाला आलेला मुलगा पंधरा दिवस राहतो. दिवाळीचे वहीपूजन करून लाभपंचमीला दुकान उघडायचे, म्हणून पुन्हा येतो. कापसाचा हंगाम ऐन भरात असतो, वडील म्हणतात जानेवारीपर्यंत थांब. मग उन्हाळ्यात मामेबहिणीचे लग्न. एकशेवीस कसे भरले ते कोणालाच कळत नाही. विमानाचे तिकीट आणि पासपोर्टावरचे शिक्के जपून ठेवावेत, येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस भारतात धरून मोजावे आणि तरीही चार-सहा दिवस हाताशी शिल्लक राहतील असे बेत आखावेत. आमच्या बँकेत रोकड मोजताना दोनदा मोजायची पद्धत होती, तीच इथे लावावी.

प्राप्तिकराचा १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, ‘कर वर्ष’ हा शब्द आला, परंतु वर सांगितलेला दिवसांचा हिशेब तोच राहिला. म्हणून मी इथे कलमांचे क्रमांक मुद्दामच देत नाही.

दुबईला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे व्यक्तीच्या पगारावर प्राप्तिकर नाही, ही गोष्ट सर्वांना पाठ असते. परंतु ज्या भारतीय नागरिकाचे परदेशी उत्पन्न वगळता उत्पन्न १५ लाखांहून अधिक आहे आणि जो इतर कोणत्याच देशात कर देण्यास पात्र नाही, त्याला आपला कायदा एक दिवसही इथे न राहता निवासी मानू शकतो. दर्जा तोच मधला. दुबईचा पगार त्यामुळे करात येत नाही, परंतु दुबईत थाटलेला धंदा खामगावच्या गादीवरून चालवला जात असेल तर त्याचा नफा येतो. भाव इथून ठरतो, उधारी इथून मंजूर होते, तिथे फक्त पाटी आहे अशी स्थिती असेल तर हे ओळखायला अधिकाऱ्याला फार वेळ लागत नाही. आणि दुबईतही जून २०२३ पासून धंद्याच्या ३ लाख ७५ हजार दिरहॅमवरील नफ्यावर ९ टक्के कर सुरू झाला आहे. ‘तिकडे करच नाही’ हे वाक्य आता व्यापाऱ्याने जपून उच्चारावे.

कोलंबोचा कर्ता

आपल्या घरांतील सर्वांत नाजूक खाते म्हणजे एचयूएफ, अर्थात हिंदू अविभक्त कुटुंब. कर्ता परदेशी गेला म्हणजे कुटुंबही अनिवासी झाले, असा अनेकांचा समज असतो. कायदा सांगतो की, कुटुंबाच्या कारभाराचे नियंत्रण आणि व्यवस्थापन संपूर्णपणे भारताबाहेर असेल तरच ते अनिवासी. ‘संपूर्णपणे’ या एका शब्दावर सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली निर्णय दिला आहे आणि तो आजही शिकवला जातो. तो खटला सुब्बय्या चेट्टियार यांचा. चेट्टियार हे आपल्यासारखेच सावकारी-व्यापारात मुरलेले लोक. हे गृहस्थ अविभक्त कुटुंबाचे कर्ते. राहणे, बायको-मुले आणि धंदा सगळे कोलंबोला. भारतात घर, जमीन आणि गुंतवणूक. संबंधित वर्षात ते एकूण १०१ दिवस भारतात आले होते आणि त्या मुक्कामांत त्यांनी इथल्या कोर्टकज्जांत लक्ष घातले, भागीदारीच्या पेढ्यांच्या कामाकडे पाहिले. कारभार पूर्णपणे भारताबाहेरून चालतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांचीच होती आणि ती त्यांना पार पाडता आली नाही. कुटुंब निवासी ठरले.

म्हणजे कर्ता न्यू जर्सीत बसला तरी कुटुंबाचे निर्णय जर काका इथल्या गादीवर बसून घेत असतील, तर कुटुंब निवासीच. पेढीलाही साधारण हीच कसोटी लागते. आणि गंमत अशी की अमेरिकेच्या करकायद्यात एचयूएफ ही संकल्पनाच नाही. तिथला सल्लागार या खात्याला काय समजणार, न्यास, भागीदारी की कर्त्याची स्वतःची मालमत्ता, हे आधी विचारावे लागते. कर्तेपण दुसऱ्या सदस्याकडे सोपवण्याचा विचार असेल तर तो सर्वांच्या संमतीने, लेखी आणि प्रस्थानाआधी व्हावा. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्माने सहदायाद आहे. आपल्या घरांत या चर्चेला मुलींना बोलावण्याची पद्धत अजून पडलेली नाही, ती पडायला हवी.

हे लिहिताना मनात येते की मालक एकीकडे आणि दुकान दुसरीकडे, ही आपल्याला नवी गोष्ट नाही. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वे आली ती कापसासाठी. या कापसाच्या पाठोपाठ मारवाडातून, गुजरातेतून आपले पूर्वज वऱ्हाडात उतरले. घर देशात आणि गादी इथे. मुनीम वही लिहायचा, चिठ्ठीने कारभार चालायचा. आता तेच उलट झाले आहे. फरक इतकाच की त्या काळी चूक झाली तर मुनिमाला बोलणी बसत, आता दोन सरकारे नोटीस पाठवतात.

मग सल्लागार कोणता?

गृहस्थांचा प्रश्न इथे येऊन ठेपला. तीस वर्षांचे सीए सोडायचे का? मुळीच नाही. तुमच्या पेढीची नाडी त्यांना ठाऊक आहे. परंतु त्यांना एक सरळ प्रश्न मोकळेपणाने विचारावा, "गेल्या दोन-तीन वर्षांत अनिवासी माणसांची किती विवरणपत्रे आपण भरलीत?" चांगला सीए या प्रश्नाने दुखावत नाही. तो म्हणतो, माझ्याकडे एक-दोनच आहेत, अकोल्याला किंवा पुण्याला माझे एक स्नेही हेच काम करतात, त्यांना आपण जोडून घेऊ. पोटदुखीला गावातला डॉक्टर आणि शस्त्रक्रियेला नागपूर, हे आपण आजारात सहज स्वीकारतो, करात मात्र मान-अपमान मध्ये येतो.

सीएंनी जाहिरात करून ग्राहक मिळवण्यावर त्यांच्या संस्थेचे निर्बंध आहेत, त्यामुळे मोठमोठ्या जाहिराती करून ‘एनआरआय टॅक्स’चे आमिष दाखवणारा माणूस नेमका कोण आहे हे आधी तपासावे. सीएने दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर २०१९ पासून यूडीआयएन नावाचा क्रमांक असतो. तो सनदी लेखापालांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. दोन मिनिटांचे काम आहे, पण मी आजवर ते केलेला एकही व्यापारी पाहिला नाही. परताव्याच्या टक्केवारीवर शुल्क सांगणाऱ्यापासून दूर राहावे. ती रीत सीएंच्या आचारसंहितेत बसत नाही आणि परतावा फुगवण्याचा मोह तिच्यातच दडलेला असतो.

दुसरा सल्लागार तिकडचा लागतो. हे ऐकले की शुल्काच्या विचाराने चेहरे उतरतात. परंतु भारतातील सीएला अमेरिकेचा कायदा पाठ असावा अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे. अमेरिकेत नोंदणी क्रमांक घेऊन कोणीही पैसे घेऊन विवरणपत्र भरून देऊ शकतो. मात्र कर खात्यापुढे तुमची बाजू सर्व बाबतींत मांडण्याचा अधिकार सीपीए, वकील आणि एनरोल्ड एजंट यांनाच असतो. पात्रता असलेल्यांची यादी तिथले कर खातेच प्रसिद्ध करते. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत कर एजंटांची अधिकृत नोंदवही आहे, दुबईकडे फेडरल टॅक्स अथॉरिटीची नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. इंग्लंडमध्ये कोणीही स्वतःला करसल्लागार म्हणवू शकतो, म्हणून तिथे चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ टॅक्सेशनचे सभासदत्व पाहावे. तिकडच्या जैन सेंटरमध्ये किंवा महाराष्ट्र मंडळात चौकशी केली तर नावे मिळतात. तिथून नाव घ्यावे, सल्ला घेऊ नये. देवळाच्या ओट्यावर मिळालेला करसल्ला हा बहुतेकदा दुसऱ्याच माणसाच्या परिस्थितीला लागू असतो.

नाव मिळाले की पहिल्या भेटीत आपल्या घरचे दोन प्रश्न विचारावेत. पेढीच्या खात्यावर माझी सही आहे, त्याचे काय? आणि एचयूएफला तुमच्या देशात काय समजतात? ज्याला हे प्रश्न ऐकून पेन उचलून टिपण घ्यावेसे वाटते, तो कामाचा. जो ‘भारतातले काही सांगायची गरज नाही, कोणाला कळणार आहे’ असे म्हणतो, त्याला नमस्कार करून उठावे. माहितीची देवाणघेवाण आता अमेरिकेपुरती राहिलेली नाही, इतर अनेक देशांशी भारत २०१७ पासून ती आपोआप करतो आहे. आणि उलट बाजूही लक्षात ठेवावी. पुढे परतून सामान्य निवासी झालेल्याने परदेशातील मालमत्ता भारतीय विवरणपत्रात दाखवली नाही, तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याने दहा लाखांचा दंड होऊ शकतो.

इकडच्या सल्लागारालाही पारखावे. भागीदारीतला नफ्याचा हिस्सा भारतात भागीदाराच्या हाती करमुक्त असतो, कारण पेढीने त्यावर कर भरलेला असतो. परंतु अमेरिका तोच हिस्सा त्याच्या उत्पन्नात धरते. मग पेढीने इथे भरलेल्या कराचे श्रेय तिकडे कसे मिळेल? या प्रश्नावर दोघा सल्लागारांनी एकमेकांशी बोलणे आवश्यक असते. एनआरई खात्याचे व्याज इथे करमुक्त, तिथे करपात्र. इथल्या म्युच्युअल फंडांना तर अमेरिकेत इतकी जाचक वागणूक मिळते की ते जाण्याआधी ठेवावेत की विकावेत, हा स्वतंत्र बैठकीचा विषय आहे. दोघांपैकी एकाला प्रमुख ठरवावे, कामाची व्याप्ती आणि शुल्क लिहून घ्यावे, नोटीस आली तर उत्तर कोण देणार हेही त्याच कागदावर यावे. ‘घरचेच आहेत’ म्हणून कागद न करणे ही आपली जुनी खोड आहे.

आणखी एक ठिकाण आपल्या भागात हमखास चुकते. अनिवासी व्यक्ती भारतातील पेढीत परत नेण्याचा हक्क न राखता भांडवल घालू शकते. मात्र शेती-लागवड, छापील माध्यमे आणि स्थावर मालमत्तेचा व्यापार करणाऱ्या पेढीत नाही. आपल्याकडे डाळ मिलच्या पेढीनेच शेजारचे शेत घेऊन प्लॉट पाडलेले असतात. कागदावर धंदा धान्याचा, वहीत जमा प्लॉटची. आधीपासूनचा हिस्सा ठेवणे आणि नवे भांडवल घालणे यांचे नियम वेगळे आहेत, तेव्हा प्लॉटिंग वेगळ्या खात्यात काढण्याचा विचार सल्लागाराशी आधीच करावा. शेतजमिनीचेही असेच. निवासी असताना घेतलेली किंवा वारशाने आलेली ठेवता येते, अनिवासी झाल्यावर नवी विकत घेता येत नाही.

बँकेविषयी मला अधिकाराने बोलता येते, तेव्हा तेही सांगतो. बचत खाते एनआरओत बदलावे, मुदत ठेवीही तशाच नोंदवून घ्याव्यात. एनआरओच्या व्याजावर बँक ३० टक्के आणि उपकर धरून ३१.२ टक्के कापते. अमेरिकेच्या रहिवाशाला करारानुसार तो दर साधारण १५ टक्क्यांवर आणता येतो, पण त्यासाठी तिथल्या कर खात्याचे रहिवास प्रमाणपत्र दरवर्षी द्यावे लागते. एनआरओतून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएच्या प्रमाणपत्राने आणि कर भरल्यानंतर. मुलाच्या स्वतंत्र दुकानाचे चालू खातेही याच नियमात येते, हे विसरू नये. जीएसटीच्या पोर्टलवर इथल्या कोणा विश्वासू व्यक्तीला अधिकृत स्वाक्षरीकर्ता नेमावे, नाहीतर विवरणपत्राच्या शेवटच्या रात्री ओटीपी न्यू जर्सीतल्या बंद पडलेल्या सिमकार्डाची वाट पाहत राहतो. मुखत्यारपत्र जाण्यापूर्वी इथेच करावे. परदेशात केले तर ते भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे लागते.

हे सारे ऐकून गृहस्थ गप्प झाले. मग म्हणाले, "एवढे करायला वेळ कुठे आहे? दसरा झाला की मुलगा निघणार." मी दिनदर्शिका काढली. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. १ एप्रिलपासून मोजत गेलो, तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस भरत होते. दसरा करून निघाला असता तर मुलगा त्या संपूर्ण वर्षासाठी निवासी ठरला असता आणि ऑक्टोबर ते मार्चचा अमेरिकेतला पगार इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागला असता. कराचे श्रेय मिळाले असते, पण ते मिळवण्याची कागदपत्रे, फॉर्म आणि पत्रव्यवहार काही टळला नसता.

जुलैत त्यांनी आपल्या सीएंना बरोबर घेऊन पुण्यातील एका सल्लागाराची भेट घेतली. मुलाच्या मुलाखती न्यू जर्सीतील दोन सीपीएंशी झाल्या. पहिल्याने एचयूएफचा प्रश्न हसण्यावारी नेला, दुसऱ्याने एका आठवड्याने लेखी उत्तर पाठवले. ऑगस्टमध्ये पेढीच्या खात्यावरील मुलाची सही निघाली आणि त्याच्या स्वतंत्र दुकानाचा कारभार धाकट्याला देण्यासाठी भागीदारीचा नवा करार झाला. त्या बैठकीला मुलगीही आली होती. सासरहून, चिखलीहून. तिने दोन कलमांवर हरकत घेतली आणि त्यांतील एक वडिलांनी बदलले.

पर्युषण घरी झाले. विमानाचे तिकीट २२ सप्टेंबरचे निघाले. त्या दिवशी एकूण १७५ दिवस भरले. दसऱ्याला मुलगा घरी नाही म्हणून त्याच्या आईने माझ्याशी दिवाळीपर्यंत नीट बोलणे केले नाही.